पहिली मांगा कोणती वाचावी?

जपानी भाषेच्या वर्गांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाच्या प्राथमिक पातळीच्या दोन भागांत मिळून 50 धडे आहेत, आणि त्यांतील पहिल्या 19 धड्यांत विद्यार्थ्याला भेटणारी बहुतेक वाक्ये ‘देसु’ किंवा ‘मासु’ या आदरयुक्त शेवटाची असतात. मित्र, भावंडे किंवा आई आणि मूल आपसांत ज्या साध्या रूपांत बोलतात, ती बोलण्याची तऱ्हा विसाव्या धड्यापासून सुरू होते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा मात्र पहिल्याच पानापासून या साध्या रूपात बोलतात. जपानी भाषेच्या क्षमता परीक्षेत एन-5 ते एन-1 अशा पाच पातळ्या असतात. त्यांतील सर्वांत खालची एन-5 उत्तीर्ण होऊन उत्साहाने मांगा उघडणारा विद्यार्थी त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पानावर अडखळतो आणि आपला शब्दसंग्रह तोकडा असल्याची समजूत करून घेतो. वस्तुतः शब्द ही त्याची दुय्यम अडचण असते. मुख्य अडचण असते ती त्याने कधी न ऐकलेल्या क्रियापदरूपांची, आणि पहिली मांगा निवडताना याच गोष्टीचा विचार सर्वांत कमी केला जातो.

निवडीसंबंधी सर्वत्र दिला जाणारा सल्ला फुरिगानाचा असतो. जपानी लेखनात चिनी मूळ असलेली कांजी ही अर्थवाहक चिन्हे आणि हिरागाना व काताकाना या दोन उच्चारदर्शक लिप्या एकत्र नांदतात. कांजीच्या शेजारी तिचा उच्चार सांगणारी जी बारीक अक्षरे छापतात, त्यांना फुरिगाना म्हणतात. जपानी शासनाने नित्य वापरासाठी निश्चित केलेल्या कांजींची संख्या 2136 असून त्या सर्व येईपर्यंत वाचन थांबवून ठेवणे शक्य नसल्याने फुरिगाना हा विद्यार्थ्याचा मोठाच आधार ठरतो, कारण अनोळखी कांजीचा उच्चार कळला की शब्द कोशात शोधता येतो. फुरिगाना छापलेला असेल की नाही, हे बहुधा कथा कोणत्या नियतकालिकातून आली यावर ठरते. मुलांसाठीचे ‘शोनेन जम्प’ किंवा मुलींसाठीचे ‘रिबोन’ यांसारख्या नियतकालिकांत बहुतेक सर्व कांजींना फुरिगाना असतो, तर प्रौढ वाचकांसाठीच्या ‘मॉर्निंग’सारख्या साप्ताहिकांत तो सहसा अवघड किंवा अपरिचित कांजींपुरताच दिला जातो. चौकटीच्या कोपऱ्यात चित्रकाराने हाताने लिहिलेले लहानसे शेरे मात्र दोन्हीकडे फुरिगानाविनाच असतात. सुरुवातीच्या वाचकाने ते खुशाल सोडून द्यावेत.

परंतु फुरिगाना उच्चार सांगतो, अर्थ सांगत नाही, आणि सोपेपणाची हमी तर मुळीच देत नाही. ‘डेथ नोट’ ही मालिका ‘शोनेन जम्प’मधूनच प्रसिद्ध झाली आणि तिच्यात फुरिगानाही आहे, तरी पोलिस तपास, नियम, तर्क आणि प्रतितर्क यांनी भरलेली तिची लांबलचक स्वगते मधल्या पातळीच्या विद्यार्थ्यालाही दमवतात. ‘हाताराकु साइबोउ’ या मालिकेत शरीरातील पेशीच पात्रे आहेत. कथा गमतीदार असली तरी रक्तबिंबिका, प्रतिजन, जंतुसंसर्ग अशा वैद्यकीय संज्ञा पानोपानी येतात. या दोन्ही मालिका उत्तम आहेत. पहिली मांगा म्हणून मात्र दोन्ही चुकीच्या आहेत.

दुसरा समज असा की लहान मुलांसाठी लिहिलेले ते सोपे. भारतात दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचलेला ‘दोराएमोन’ अनेकांना पहिली निवड वाटतो, आणि ती निवड वाईटही नाही. पण फुजिको एफ. फुजिओ यांची ही कथा 1970च्या जानेवारी अंकांपासून शालेय मुलांच्या मासिकांतून सुरू झाली, म्हणजे तिच्यातील मैदान, घर आणि बोलणे त्या काळचे आहे. शिवाय दोराएमोनच्या पोटावरील खिशातून निघणाऱ्या अनेक साधनांची नावे शब्दखेळावर उभी असतात. ज्यावर पुस्तकाचे पान उमटवून खाल्ले की ते पाठ होते, त्या पावाचे नाव ‘आंकिपान’ आहे, ‘आंकी’ म्हणजे पाठांतर. हे लगेच उमगते. मात्र भाषांतर करून देणाऱ्या ‘होन्याकु कोन्न्याकु’ या खाद्यपदार्थाच्या नावातील यमकाची गंमत कळण्यासाठी कोन्न्याकु हा सुरणाच्या जातीच्या कंदापासून केलेला पदार्थ आधी ठाऊक असावा लागतो. जपानी मुलाला हे सारे घरातूनच मिळालेले असते. त्याला हजारो शब्द कानांनी येतात आणि कांजी तेवढी येत नाही. परकीय प्रौढ विद्यार्थ्याची स्थिती पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते.

म्हणूनच केवळ हिरागानात छापलेली बालपुस्तके त्याला सोपी जात नाहीत. जपानीत सहसा शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसल्याने कांजी हाच शब्दांच्या सीमा दाखवणारा खांब असतो. ‘निवा नि वा निवा निवातोरि गा इरु’ (अंगणात दोन कोंबड्या आहेत) हे जपान्यांचे आवडते जीभ वळवणारे वाक्य नुसत्या हिरागानात सलग लिहिले, तर त्यातले अंगण कोणते, दोन कोणते आणि कोंबडी कोणती हे शोधताना विद्यार्थी हैराण होतो, आणि कांजीत लिहिले की ते एका नजरेत उलगडते. कांजी आणि तिच्याशेजारी फुरिगाना ही जोडीच खरी उपयोगाची.

आता प्रश्न क्रियापदरूपांचा, आणि येथे मराठी भाषकाला एक सवलत आहे जिचा तो क्वचितच लाभ घेतो. मांगामधील पात्रे बोलताना रूपे आखडतात. ‘ताबेते इरु’चे ‘ताबेतेरु’ होते, ‘ताबेते शिमात्ता’चे ‘ताबेचात्ता’, ‘कात्ते ओकु’चे ‘कात्तोकु’, ‘इकानाकेरेबा’चे ‘इकानाक्या’. ही रूपे पुष्कळ कोशांत जशीच्या तशी सापडत नाहीत, त्यामुळे विद्यार्थी त्यांना नवे शब्द समजून शोधत बसतो. पण ‘खातो आहे’चे ‘खातोय’ होते तेव्हा मराठी माणसाला कोश लागत नाही. ‘ताबेतेरु’ हे ‘खातोय’च आहे. याहून मजेची बाब म्हणजे जपानीतील संयुक्त क्रियापदांची ठेवण मराठीशी कमालीची जुळते. ‘मिरु’ म्हणजे पाहणे आणि ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे आणि ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे. तर ‘ताबेते शिमाउ’ला ‘खाऊन टाकणे’ ही छटा बहुतेक ठिकाणी चपखल बसते. इंग्रजीतून लिहिलेली व्याकरणे ज्या छटा समजावण्यासाठी परिच्छेद खर्च करतात, त्या येथे मातृभाषेत तयार असतात. आठ-दहा आखडलेल्या रूपांचे एक टिपण हाताशी ठेवले, तर रोजच्या जीवनावरील मांगातील निम्मा अंधार दूर होतो.

मात्र आखडलेली रूपे एक आणि पात्रांच्या खास लकबी दुसऱ्या. जपानी भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुइ यांनी कथांमधील अशा ठरीव बोलण्याला ‘याकुवारिगो’ म्हणजे भूमिकाभाषा असे नाव दिले आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तिची चिकित्सा केली. कथेतला वृद्ध शास्त्रज्ञ स्वतःला ‘वाशी’ म्हणतो आणि वाक्य ‘जा’ने संपवतो, जसे ‘मेइतान्तेइ कोनान’मधील प्राध्यापक आगासा, ‘रुरोउनी केनशिन’चा नायक ‘दे गोझारु’ म्हणतो, ‘ड्रॅगन बॉल’चा गोकु स्वतःला खेडवळ धाटणीने ‘ओरा’ म्हणवतो, नारुतो वाक्यावाक्याला ‘दात्तेबायो’ जोडतो. टोकियोतील कोणताही सत्तरीचा प्राध्यापक प्रत्यक्षात आगासांसारखा बोलत नाही. केवळ ऐतिहासिक मालिका पाहून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाने बँकेच्या खिडकीशी जाऊन कारकुनाला ‘मुजरा’ करावा, तसा प्रकार या भाषेच्या अनुकरणाने घडतो. ‘तेमे’, ‘किसामा’ ही साहसकथांतून सतत कानी पडणारी ‘तू’ची रूपे तर भांडणाखेरीज कोठेच चालत नाहीत. ‘वन पीस’ वाचून जपानी शिकण्याची इच्छा म्हणूनच पुढे ढकलावी, सोडू नये. समुद्री चाच्यांची उर्मट बोली, मनाने रचलेली नावे आणि गर्दीने भरलेली पाने यांचा आनंद, सामान्य बोली पक्की झाल्यावरच घेता येतो. याउलट ‘दोराएमोन’मध्ये नोबिता स्वतःला ‘बोकु’, दांडगा जायान ‘ओरे’ आणि शिझुका ‘वाताशी’ म्हणते. हे भेद आजच्या बोलण्यातही जिवंत असल्यामुळे तेथून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

या सर्व कसोट्यांवर कियोहिको आझुमा यांची ‘योत्सुबातो!’ ही 2003 साली सुरू झालेली मालिका इतकी खरी उतरते, की पहिल्या मांगाच्या चर्चेत तिचे नाव वारंवार का येते ते ती वाचल्यावर कळते. योत्सुबा ही पाच वर्षांची मुलगी वडिलांसोबत नव्या घरी राहायला येते, शेजारच्या आयासे कुटुंबातील तीन बहिणींशी तिची गट्टी जमते, आणि मग प्रत्येक प्रकरणात एखादी साधी गोष्ट घडते. पहिल्या प्रकरणात घर बदलणे आहे आणि झोपाळा म्हणजे काय हेही ठाऊक नसलेली योत्सुबा आहे, त्यामुळे तिला समजावताना इतरांना साधे बोलावेच लागते आणि चित्रात तीच वस्तू समोर दिसत असते. पहिल्याच खंडातील दुसऱ्या एका प्रकरणात वातानुकूलन यंत्रांमुळे पृथ्वी तापते असे धाकट्या शेजारणीकडून, एनाकडून, ऐकून योत्सुबा त्या यंत्रालाच शत्रू मानू लागते. ‘चिक्यू ओन्दान्का’ म्हणजे जागतिक तापमानवाढ हा तेथील जड शब्द. पण तो वारंवार येतो आणि प्रत्येक वेळी मुलीच्या संतापासह येतो, म्हणून कोश न उघडताही स्मरणात राहतो. लहान मूल, महाविद्यालयीन तरुणी, शाळकरी मुलगी, तरुण बाप आणि त्याचे मित्र अशा निरनिराळ्या वयांचे बोलणे एकाच घराच्या आसपास ऐकायला मिळते, हा तिचा आणखी एक गुण. दोष सांगायचा तर योत्सुबा स्वतः बालसुलभ चुका करते, आणि चूक कोणती व खरे रूप कोणते हे नवशिक्याला नेहमीच ओळखू येत नाही.

शाळेतील दोन मुलांच्या छेडछाडीवर आधारलेली सोइचिरो यामामोतो यांची ‘काराकाइ जोउझु नो ताकागि-सान’ ही मालिकाही छोटी प्रकरणे आणि मोजके संवाद यांमुळे सोयीची आहे. पानावर बहुतेक वेळा दोनच माणसे बोलत असल्याने कोण कोणाला म्हणाले याचा घोळ होत नाही. कारुहो शीना यांची ‘किमि नि तोदोके’ त्यानंतर वाचावी, कारण मुलींच्या मांगांत मनातील विचार फुग्याबाहेर पानभर विखुरलेले असतात आणि ते कोणाचे हे ओळखण्यास सराव लागतो. ‘स्पाय फॅमिली’मधील छोटी आन्या ‘दाइजोबु मासु’ असे अशुद्ध बोलते, आणि त्यात विनोद काय आहे हे ज्याला कळले त्याचे प्राथमिक व्याकरण पक्के झाले असे समजावे.

ध्वन्यनुकारी शब्दांची धास्ती मराठी वाचकाने बाळगण्याचे कारण नाही. चौकटीभर पसरलेली काताकाना अक्षरे म्हणजे बहुधा हेच शब्द असतात: छाती धडधडली की ‘दोकी दोकी’, पोटात कावळे ओरडले की ‘पेको पेको’, आणि पूर्ण शांतता पसरली तर तिलाही ‘शीन’ असा आवाज. धडधड, लुकलुक, रिमझिम यांत वाढलेल्या माणसाला ही पद्धत परकी वाटू नये.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी पारखण्याची सोय जपानी प्रकाशक आणि ई-पुस्तक विक्रेते स्वतःच देतात. ‘तामेशियोमी’ या नावाने पहिल्या खंडाची काही पाने विनामूल्य वाचता येतात. त्यांतील सलग चार-पाच पाने वाचावीत. शब्द अडले पण वाक्याची बांधणी ओळखू आली, तर पुस्तक घ्यावे, कारण शब्द शोधता येतो. शब्द ओळखीचे असूनही वाक्य कोणत्या रूपात आहे हे कळत नसेल, तर ते पुस्तक सहा महिने बाजूला ठेवावे. कागदी खंडातील फुरिगाना इतका बारीक असतो की ‘बा’ची दोन टिंबे आणि ‘पा’चे लहान वर्तुळ डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत, तेव्हा पाने मोठी करता येणारी ई-आवृत्ती सुरुवातीस बरी. चोरून टाकलेल्या प्रतींच्या अंधूक पानांवर तर हा फरक मुळीच दिसत नाही.

वाचावे कसे, याबद्दल ‘तादोकु’ म्हणजे विपुल वाचनाच्या पुरस्कर्त्यांचे नियम प्रसिद्ध आहेत: सोप्यापासून सुरुवात करावी, कोश पाहू नये, न कळलेले सोडून पुढे जावे, आणि रस वाटेनासा झाला तर पुस्तक बदलावे. मांगाच्या बाबतीत यांतील कोशबंदी पहिल्या वाचनापुरतीच पाळणे हितावह आहे. दुसऱ्या वाचनात पानातील दोन-तीन वारंवार येणारे शब्द जरूर शोधावेत. पुस्तक बदलण्याची मुभाही जपून वापरावी. प्रत्येक लेखकाचे शब्द ठरलेले असतात, म्हणून कोणत्याही मालिकेचा पहिला खंड सर्वांत कठीण जातो आणि तिसऱ्यापासून वेग येतो. पाच मालिकांचे पाच पहिले खंड वाचणारा विद्यार्थी पाच वेळा तीच चढण चढतो. एन-4 पातळीचा निम्मा अभ्यास झाला असेल, तर ‘योत्सुबातो!’चा पहिला खंड घ्यावा आणि तिसरा संपेपर्यंत दुसऱ्या मालिकेकडे पाहू नये.