टर्नटेबलची जुळणी

रेकॉर्ड ठरलेल्या वेगाने फिरवणे आणि तिच्या खाचेत हिऱ्याची सुई योग्य जागी, योग्य वजनाने टेकवून ठेवणे, एवढेच टर्नटेबलचे काम. पण खाच केसाएवढी बारीक असल्याने मांडणीतली किरकोळ चूकही आवाजात उतरते. नवख्याच्या घरी आवाज बिघडलेला असतो तेव्हा दोष बहुधा यंत्राच्या किमतीत नसून जुळणीत असतो.

सुरुवात पाणसळीने करावी. टर्नटेबल जड, न हलणाऱ्या टेबलावर ठेवून थाळी दोन्ही दिशांनी समपातळीत आणावी. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नयेत. त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते आणि खर्जात घुमू लागते.

पुढचे काम सुई धरणारे कार्ट्रिज टोनआर्मच्या टोकाला बसवण्याचे. मागच्या चार पिनांना रंग ठरलेले आहेत: पांढरा व निळा डाव्या बाजूचे, लाल व हिरवा उजव्या बाजूचे. मूळ रेकॉर्ड कोरणारी सुई सरळ रेषेत आत सरकते, टोनआर्म मात्र कंसात फिरतो. त्यामुळे त्याची सुई संपूर्ण रेकॉर्डभर खाचेला समांतर राहणे शक्यच नसते. भूमितीने काढलेली तडजोड अशी, की मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवरच्या दोन बिंदूंवर ती अगदी समांतर असावी. छापील प्रोट्रॅक्टरवर हे बिंदू दाखवलेले असतात. दोन्हीकडे कार्ट्रिजची कड रेघांशी जुळेपर्यंत ते पुढेमागे सरकवून स्क्रू आवळावेत. हे नीट झाले नाही, तर बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात.

सगळ्यात महत्त्वाचे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजाचे, म्हणजे सुईचे वजन. अँटी-स्केटिंग (तिच्याबद्दल पुढे) शून्यावर ठेवून मागचे प्रतिवजन असे फिरवावे, की आर्म हवेत आडवा तरंगेल. मग प्रतिवजन न हलवता त्याची नुसती आकड्यांची चकती शून्यावर आणावी आणि त्यानंतर दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजसाठी सांगितलेला आकडा गाठावा. ऑर्टोफॉनच्या टू-एम रेडला १.८ ग्रॅम लागतात, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २. रेकॉर्ड झिजू नये म्हणून वजन कमी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. परिणाम नेमका उलटा होतो. हलकी सुई जोरकस आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतीवरून सुटते, पुन्हा आदळते आणि कायमची इजा करते. सांगितलेल्या मर्यादेत थोडे जड असणे केव्हाही बरे. चकतीवरचा आकडा दरवेळी खरा असतोच असे नाही, म्हणून छोटा डिजिटल काटा जवळ असावा. पूर्ण जुळणीत पैसे खर्चावेत असे हे एकच साधन. कार्ट्रिज सरकवले की तोल बदलतो, त्यामुळे वजन शेवटी पुन्हा तपासावे लागते.

फिरत्या रेकॉर्डच्या घर्षणाने आर्म मध्याकडे ओढला जातो. अँटी-स्केटिंग ही ओढ तोलते. तिचा आकडा सुईच्या वजनाइतका ठेवून सुरुवात करावी; उजवीकडचा आवाज फाटत असेल तर थोडा वाढवावा. समोरून पाहताना कार्ट्रिज कलते दिसू नये आणि बाजूने पाहताना आर्म रेकॉर्डला समांतर असावा. स्वस्त टर्नटेबलांत आर्मची उंची बदलता येत नाही, आणि त्याने फारसे बिघडतही नाही.

कार्ट्रिजमधून निघणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबलेला आणि तार सूर उचललेले असतात. फोनो प्रीअॅम्प हा समतोल पूर्ववत करतो व संकेत वाढवतो. तो टर्नटेबलमध्ये आणि अॅम्प्लिफायरमध्ये, दोन्हीकडे असेल तर एकच वापरावा. ‘हम्म’ असा सततचा आवाज आल्यास आधी अर्थिंगची तार पाहावी.

वेग स्ट्रोब तबकडीने तपासता येतो. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर चालणाऱ्या निऑन दिव्याखाली १८० रेघांचे वर्तुळ स्थिर दिसले, की ३३⅓ फेऱ्या बरोबर आहेत. अमेरिकेतून आणलेल्या जुन्या यंत्रांची गंमत इथे कळते. त्यांतल्या अनेकांची मोटर ६० हर्ट्झ विजेच्या तालावर फिरते. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला, तरी इथे ती मिनिटाला २७.८ फेऱ्याच करते आणि काळी एकमधले गाणे खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येते. त्यासाठी मोटरची पुली बदलावी लागते.

घरातल्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र निराळी सुई हवी. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते, तर या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन लागतात. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. वजनही जास्त लागते. नेमका आकडा त्या सुईच्या माहितीपत्रकात असतो. या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.