सोमच्या शिपायाचे ओझे

एखाद्या जुन्या मोहिमेतील शिपायाचा वेष, त्याची आयुधे आणि त्याचा सारा सरंजाम जसाच्या तसा सिद्ध करून त्याच्या जिण्याचा अनुभव स्वतः घेण्याची, आणि तो इतरांपुढे मांडण्याची, हौस इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम व अमेरिका या देशांत गेल्या काही दशकांत एवढी वाढीस लागली आहे की, तिच्यासाठी लागणारे कोट, पट्टे, शिरस्त्राणे आणि बूट बनविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे. आणि त्यातला बराचसा माल आपल्याच देशातील कारखान्यांत शिवला जाऊन परदेशी रवाना होतो. या हौशी मंडळींचा ओढा साहजिकच जे डोळ्यांत भरते त्याकडे, म्हणजे रायफल, संगीन, टोपी आणि बिल्ले यांकडे असतो. पाठीवरची पिशवी मात्र पुष्कळदा जुन्या वर्तमानपत्रांनी किंवा हलक्या फोमच्या तुकड्याने फुगवून बंद केली जाते, आणि अशी पिशवी पाठीला लावून ताठ मानेने चालणारा मनुष्य दिसावयास कितीही रुबाबदार असला, तरी त्याची चाल, त्याचे खांदे, त्याचा श्वास यांतले काहीच त्या काळच्या शिपायाचे असत नाही. शिपाई म्हणजे प्रथमतः ओझे वाहणारा मनुष्य होय. ते ओझे खरे नसेल तर बाकीचा वेष कितीही अस्सल असला तरी व्यर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे ओझे कसे बांधावे, याचे एकच सर्वकाळचे उत्तर नाही. सैन्याच्या सामानाच्या याद्या महिन्यामहिन्याने बदलत असत, म्हणून आधी देश, मग पलटण, आणि त्यानंतर तारीख निश्चित केल्याखेरीज पिशवीत एक मोजाही घालू नये. उदाहरणादाखल येथे पहिल्या महायुद्धातील, उत्तर फ्रान्समधील सोम नदीच्या आघाडीवरचा ब्रिटिश पायदळातील एक साधा शिपाई घेऊ, आणि तारीख घेऊ १ जुलै १९१६, म्हणजे तेथील चढाईचा पहिला दिवस.

या शिपायाच्या अंगावरील साजाची उत्पत्ती दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात आहे. १८९९ ते १९०२ या काळात बोअरांशी लढताना ब्रिटिश सैन्याला आपल्या चामडी पट्ट्यांचे दोष पुरते कळून चुकले. भिजून वाळलेले चामडे कडक होई, चिरे, आणि भार सगळा एका बाजूला ओढला जाई. मधल्या काळात १९०३ चा काडतुसांच्या आडव्या पट्ट्याचा नमुना करून पाहिला गेला, परंतु तो छातीवर काचतो अशी तक्रार राहिली. अखेरीस रॉयल आयरिश फ्युझिलिअर्समधील मेजर बरोज यांची रचना आणि मिल्स कंपनीची जाड विणीची सुती नवार यांच्या संयोगातून १९०८ चा नमुना मंजूर झाला. त्याची थोरवी अशी की, कंबरपट्टा, खांद्यांवरून उलटसुलट जाणारे दोन पट्टे, काडतुसांच्या थैल्या, पाण्याची बाटली, झोळी आणि पाठपिशवी हे सर्व एकमेकांना जोडलेले असून शिपाई ते बंडीसारखे एकदम अंगात चढवू किंवा उतरवू शके, आणि पुढची काडतुसे व मागची पिशवी परस्परांना तोलून धरीत. वाटेत विसाव्यासाठी कंबरेचे बक्कल सोडले तरी साज खांद्यांवरून ढळत नसे.

जागाही सर्व ठरलेल्या होत्या. पुढे डाव्या-उजव्या बाजूंना प्रत्येकी पाच खण, प्रत्येक खणात पाच-पाच काडतुसांच्या तीन पट्ट्या, असा दीडशे काडतुसांचा साठा. डाव्या कुशीला संगीन, तिच्या म्यानालगत खणण्याच्या हत्याराचा दांडा, आणि वर झोळी. उजव्या कुशीला लोकरी कापडाने मढविलेली, दोन पाइंट पाणी मावेल अशी एनॅमलची बाटली. मागे पट्ट्याखाली त्या हत्याराचे लोखंडी पाते. आणि या सर्वांवर, पाठीच्या मध्यावर, चौकोनी मोठी पिशवी. खंदकाच्या भिंतीला टेकून गोळीबार करताना डावीकडचे खण आपोआप उघडून काडतुसे चिखलात पडतात, हे युद्धाच्या पहिल्या काही आठवड्यांतच ध्यानात आल्यावर १९१४ च्या ऑक्टोबरात त्या खणांना आतून एक पट्टी लावण्यात आली. त्यामुळे १९१६ च्या उन्हाळ्यात जुन्या व सुधारलेल्या अशा दोन्ही तऱ्हा आघाडीवर नांदत होत्या, आणि दोन्ही ग्राह्य आहेत.

युद्ध पेटल्यावर लॉर्ड किचनेर यांच्या हाकेला ओ देऊन लक्षावधी तरुण भरती झाले, आणि नवार विणणारे माग त्यांना पुरे पडेनात. म्हणून नव्या पलटणींसाठी चामड्याचा १९१४ चा नमुना काढण्यात आला. त्याच्या कंबरपट्ट्याला सापाच्या आकाराची आकडी असते, आणि खणांच्या रांगांऐवजी दोन मोठ्या थैल्या असतात. ज्या पलटणीचा वेष घ्यावयाचा ती पलटण जुन्या फौजेची की किचनेरच्या भरतीची, हे तिच्या छायाचित्रांवरून ताडून न पाहता नवार किंवा चामडे विकत घेणे म्हणजे पैसा आणि सत्य या दोहोंचा अपव्यय होय.

तारखेची कसोटी सर्वांत कठोरपणे लागते ती छोट्या वस्तूंना. जॉन ब्रोडी यांनी १९१५ मध्ये रचलेले, ताटलीच्या आकाराचे पोलादी शिरस्त्राण सोमच्या वेळेपर्यंत सर्रास मिळू लागले होते, तेव्हा ते हवेच. परंतु विषारी वायूपासून बचाव करणारी ती सुप्रसिद्ध चौकोनी पेटी, जी छातीवर बांधलेली आपण चित्रपटांत पाहतो, तिचे वाटप १९१६ च्या ऑगस्टपासून पुढे सुरू झाले. १ जुलैचा शिपाई रसायनांत भिजविलेल्या फ्लॅनेलच्या, डोळ्यांपुढे दोन काचा बसविलेल्या खोळी बाळगीत होता, आणि अशा दोन खोळी त्याच्याजवळ असत. ओळखीच्या चकतीचेही तसेच. लाल व हिरव्या अशा दोन चकत्यांचा हुकूम १९१६ च्या सप्टेंबरातला. त्यापूर्वी गळ्यात एकच लाल चकती असे, आणि मृताच्या गळ्यातून ती काढून नेली की मागे राहिलेल्या देहाला नाव उरत नसे. दुसऱ्या चकतीचा हुकूम काढावा लागला तो त्यामुळेच. प्रतिकृती विकणारे दुकानदार दोन्ही चकत्या एकाच दोऱ्यात ओवून देतात. सोमच्या पहिल्या दिवसासाठी त्यांतली हिरवी निमूटपणे काढून ठेवावी.

आता पिशवी. पूर्ण कूचाच्या वेळी तिचा बहुतेक सारा अवकाश एकच वस्तू व्यापते, आणि ती म्हणजे जाड लोकरीचा लांब ओव्हरकोट. तो कोट पिशवीच्या रुंदीएवढा घडी घालून, सुरकुत्या दाबून, सपाट बाजू पाठीकडे येईल अशा बेताने आत सरकविणे ही सबंध कामातली खरी कला आहे, आणि तिच्यासाठी जमिनीवर गुडघे टेकून, जोडीदाराच्या मदतीने, पुनःपुन्हा घडी उलगडण्याची तयारी असावी लागते. कोटाच्या पोटात जादा मोजे, सदरा, टॉवेल आणि विणलेली कानटोपी बसते. वस्तरा, दाढीचा ब्रश, कंगवा, दात घासण्याचा ब्रश, जादा नाड्या, सुरी, काटा आणि चमचा यांची कापडी गुंडाळी निराळी. आणि सुया, दोरा व बटणे यांचा लहानसा बटवा निराळा. शिजविण्याचे व खाण्याचे इंग्रजी डी अक्षराच्या घाटाचे डबडे कापडी आच्छादनात घालून पिशवीला बाहेरून पट्ट्यांत अडकविलेले जुन्या छायाचित्रांत वारंवार दिसते. कोट नीट बसला की पिशवी आपोआप चौकोनी होते. पुठ्ठे घालून तिच्या कडा धारदार करण्याचा मोह छावणीच्या संचलनात एक वेळ क्षम्य मानता येईल, परंतु खंदकातील छायाचित्रे पाहावीत, तर त्यांतल्या पिशव्या ओल्या, ढिल्या आणि एका अंगाला ओघळलेल्या आहेत.

झोळीत शिधा. त्यातला राखीव शिधा, ज्याला हुकमावाचून हात लावण्याची सक्त मनाई होती, तो मांसाचा डबा, कडक बिस्किटे, चहा आणि साखर अशा जिनसांचा असे. डबाबंद मांसात उरुग्वेमधील फ्राय बेंतोस येथून येणारा माल शिपायांच्या विशेष परिचयाचा, आणि बिस्किटांत रेडिंग गावच्या हंटली अँड पामर्सचे नाव अग्रभागी. ती बिस्किटे इतकी टणक असत की ती फोडून, पाण्यात भिजवून मगच पुष्कळजण खात. आजच्या डब्यावर जुन्या नमुन्याचा छापील कागद चिकटविला तरी चालते, मात्र उघडण्याची आधुनिक कडी असलेला डबा कुणापुढे काढू नये. चहा-साखरेची पुरचुंडी खरी असावी, कारण मैदानात आधणाची वाफ पाहताच प्रेक्षक जवळ येतात, आणि खऱ्या प्रश्नांना तेथे आरंभ होतो.

कागदपत्रांचा विसर बहुतेकांना पडतो. पगाराची लहान वही शिपायाच्या सदैव अंगावर असे, आणि तिच्यातच मृत्युपत्र लिहिण्याचे एक पान छापलेले होते. घरी खुशाली कळविण्याचे सरकारी कार्ड असे, ज्यावरील छापील वाक्यांपैकी नको ती खोडावयाची आणि सही-तारखेखेरीज स्वतःचे अक्षरही घालावयाचे नाही, अशी सक्ती होती. अंगरख्याच्या आतल्या बाजूस, खालच्या कडेला, जखमेवर बांधण्याच्या पट्टीसाठी एक लहान खिसा मुद्दाम शिवलेला असे. १९१४ च्या नाताळात फ्रान्समध्ये असलेल्या जुन्या शिपायाजवळ राजकन्या मेरीच्या नावे वाटलेली पितळी डबीही शोभेल; ती भारतीय शिपायांनाही मिळाली होती, आणि त्यांच्या भेटीत खडीसाखर व मसाल्यांचा समावेश करण्याइतका विवेक देणाऱ्यांनी दाखविला होता.

पूर्ण कूचाचे हे ओझे रायफलीसह सुमारे ६० पौंडांचे होते. प्रत्यक्ष चढाईच्या दिवशी मोठी पिशवी मागे, पलटणीच्या सामानाबरोबर ठेवण्याचा हुकूम असे, आणि डाव्या कुशीची झोळी तिच्या जागी पाठीवर येई. एवढ्याने भार हलका व्हावा, अशी कोणाचीही समजूत होईल. परंतु १ जुलैच्या सकाळी उतरलेल्या कोटाची जागा जादा काडतुसांच्या पट्ट्यांनी, हातगोळ्यांनी, रिकाम्या वाळूच्या पोत्यांनी, कित्येकांच्या बाबतीत कुदळ-फावड्यांनी आणि तारेच्या वेटोळ्यांनी घेतली, आणि ब्रिटिश सरकारी इतिहासकाराच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येकाच्या अंगावर सुमारे ६६ पौंड, म्हणजे ३० किलो भार चढला. एवढा भार घेऊन खंदकाबाहेर चढणे कष्टाचे, सावकाश चालीपेक्षा वेगाने धावणे अशक्य, आणि आडवे पडून पुन्हा चटकन उठणे तितकेच अशक्य होते, असेही त्याच इतिहासात नमूद आहे. २९ व्या डिव्हिजनच्या शिपायांच्या पाठीवर तर आपल्याच तोफखान्याला व निरीक्षकांना ओळख पटावी म्हणून चकाकणाऱ्या पत्र्याचे त्रिकोण बांधले होते. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची हानी ५७,४७० झाली आणि त्यांपैकी १९,२४० माणसे मेली. या हानीची कारणे अनेक आहेत. शत्रूच्या काटेरी तारा तुटल्या नव्हत्या, आणि त्याच्या मशीनगन खोल तळघरांत सुरक्षित राहिल्या होत्या. तरीही तीस किलोंचे ओझे पाठीवर घेऊन चढणीच्या शेतातून शंभर पावले चालून पाहिल्यावर ते शिपाई धावले का नाहीत, हा प्रश्न मनुष्य पुन्हा विचारीत नाही. पुढे १९५० मध्ये अमेरिकन लेखक एस. एल. ए. मार्शल यांनी शिपायाच्या ओझ्यावर एक सबंध पुस्तक लिहिले, आणि अतिभाराने शरीराबरोबर धैर्यही खचते, असा सिद्धांत त्यात आग्रहाने मांडला.

म्हणून वजनाच्या बाबतीत तडजोड करू नये. काडतुसांच्या खणांत लाकडी ठोकळे न घालता निर्जीव, म्हणजे दारू व कॅप नसलेली, काडतुसे घालावीत. दीडशे काडतुसांचे चार किलो कंबरेला जे सांगतात ते लाकूड सांगू शकत नाही. बाटली काठोकाठ भरावी. ज्यांना वयामुळे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे हे झेपणार नाही, त्यांनी छावणीतला स्वयंपाकी, कारकून किंवा जखमी शिपाई व्हावे. तीही सैन्यातलीच माणसे होती. आणि शंभर वर्षांपूर्वीची मूळ नवार, तिच्यावर कारखान्याचा व सालाचा शिक्का असलेली, हाती लागली तर ती कधीही भरून वापरू नये. धागे कुजलेले असतात. ती मापे घेण्यासाठी आणि जपून ठेवण्यासाठी आहे, वापरावयास प्रतिकृती पुष्कळ मिळतात.

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेर मेसोपोटेमियातील कुत येथे जे सैन्य वेढ्यात अडकले, त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या काळच्या अनेक भारतीय पलटणींच्या अंगावर १९०८ ची नवार नसून १९०३ चा चामडी साज होता, आणि त्यांचा वेष घेऊ पाहणाऱ्याने ब्रिटिश शिपायाची यादी नकलून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तेव्हा सैन्यात १९३७ चा नमुना रूढ होता, आणि त्यातील मोठी पिशवी ही बहुतांशी १९०८ च्याच पिशवीचा पुढचा अवतार होती.

सातारा, रायगड, रत्नागिरी, कोल्हापूर या जिल्ह्यांतील कित्येक घरांच्या माळ्यावर अशा पट्ट्या, बाटल्या, डबडी आणि पगाराच्या वह्या अजूनही पडून असतील. ज्यांच्या घरी त्या असतील त्यांना माझी विनंती आहे की, त्या धुऊ नयेत, त्यांना तेल किंवा पॉलिश लावू नये, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नयेत. पट्टीच्या आतल्या बाजूचा शिक्का, साल आणि शिपायाचा क्रमांक प्रथम वहीत उतरवून घ्यावा, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या माणसाविषयी जे आठवत असेल तेही त्याच पानावर लिहावे, आणि मग कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावे.