विश्लेषण : खोक्यावर नाव नवे, आतला खेळ जुना; ‘लीगसी एडिशन’ म्हणजे काय?

फुटबॉलचा नवा व्हिडीओ गेम दरवर्षी साधारण सप्टेंबरअखेर येतो. नाव तेच, पुढचा आकडा बदललेला. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात तो चालवून बघून घेण्याची सोय नसते. मुलाच्या हट्टाखातर ऑनलाइन मागवायचा, नाहीतर नगर-पुण्याहून कुणाकडून तरी आणवायचा. अशा वेळी खोक्यावरचा मजकूर हाच आधार. पण एकाच नावाचा गेम प्रत्येक यंत्रावर सारखा नसतो.

नेमका फरक काय?
निन्टेंडो स्विच हा हातात धरूनही खेळता येणारा कन्सोल २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी त्यावर ‘फिफा १८’ आला, पण इतर कन्सोलवरच्या फ्रॉस्टबाइट इंजिनशिवाय आणि ‘द जर्नी’ ही कथा वगळून. पुढे ‘फिफा २०’ ते ‘फिफा २३’ या चारही वर्षी स्विचवर ‘लीगसी एडिशन’ मिळाली. तिच्यात संघ, खेळाडू आणि जर्सी ताज्या होत्या, मात्र खेळ जवळपास जुनाच. फ्रॉस्टबाइट स्विचवर पोहोचले ते २०२३ च्या ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ मध्ये.

कमी ताकदीचे यंत्र म्हणजे काय?
स्विचची रॅम ४ जीबी, तर त्याआधी आलेल्या प्लेस्टेशन ४ ची ८ जीबी. चित्राची स्पष्टता, प्रेक्षकांची गर्दी, गवताची पाती कमी करता येतात. तेवढ्याने खेळ बिघडत नाही. अवघड असते ते २२ खेळाडूंच्या हालचाली आणि चेंडूची उसळी यांचे सततचे गणित. ते प्रोसेसरवर पडते आणि तिथे फार कापाकापी करता येत नाही. मग सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे दाखवली जातात. म्हणजे एक चित्र सुमारे १७ ऐवजी ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते आणि बटण दाबल्यावर प्रतिसाद किंचित उशिरा जाणवतो.

सगळ्यांनी एकच मार्ग घेतला का?
नाही. बास्केटबॉलच्या ‘एनबीए २के१८’ ने स्विचवर खेळाचे मुख्य प्रकार राखले आणि चित्रांचा वेग निम्मा केला. कुस्तीच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के१८’ ला ते जमले नाही. आखाड्यात आठऐवजी सहाच मल्ल ठेवूनही खेळ संथ चालला. पुढच्या वर्षीचा भाग स्विचवर आलाच नाही.

कंपन्या असे का करतात?
वार्षिक गेमला मुदत बारा महिन्यांची. नवे इंजिन कमी ताकदीच्या यंत्रावर बसवणे हे वेगळेच मोठे काम. त्यापेक्षा तयार खेळात संघांची यादी बदलणे स्वस्त पडते.

जुन्या यंत्रासाठी नवा गेम, हे नवीन आहे का?
मुळीच नाही. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वर २०१३ मध्येही ‘फिफा १४’ निघाला. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ केला तोही प्लेस्टेशन २ आणि पीएसपीसाठी, प्लेस्टेशन ३ बाजारात असताना. घराघरात जे यंत्र असते, त्यासाठी गेम करण्यात गैर काही नाही. त्यात काय नाही, हे घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे, एवढेच.

घेताना काय पाहाल?
- ‘लीगसी एडिशन’ असे लिहिले आहे का? असेल आणि मागच्या वर्षीची प्रत घरी असेल, तर पैसे मुख्यतः नव्या संघयादीचे जातात.
- गेमचा व्हिडीओ त्याच कन्सोलवरचा आहे ना? जाहिरातीत बहुधा ताकदीच्या यंत्रावरचे दृश्य असते.
- पूर्ण गेम कार्डावर आहे की वेगळा डाउनलोड लागतो? मूळ स्विचची साठवण ३२ जीबीच. मेमरी कार्डाचा खर्च वेगळा.
- हमी कोण देणार? मूळ स्विच भारतात कंपनीने अधिकृतपणे विकला नाही. त्यामुळे बिघाड झाल्यास दारात कुणाच्या जायचे, हे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या.