पक्क्या बिलाआधीचे स्तर

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी ठरवलेले नवे दर २२ सप्टेंबरला, म्हणजे नेमके घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले आणि तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के अशी विभागणी झाली. त्याआधी ही सीमा १,००० रुपयांवर होती आणि वरचा दर १२ टक्के होता. छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीसारख्या पेठेत, जिथे नवरात्र ते दिवाळी हाच कापडधंद्याचा मुख्य हंगाम, तिथे गिऱ्हाईक गल्ल्यापाशी उभे असताना बिलिंगचे सूत्र दुरुस्त करत बसणे परवडणारे नसते. म्हणूनच बदल आधी तपासून पाहण्यासाठी मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या एकाहून अधिक स्वतंत्र प्रती ठेवल्या जातात. अशा प्रत्येक प्रतीला एन्व्हायर्नमेंट म्हणतात.

सॅप या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये डेव्हलपमेंट, क्वालिटी व प्रॉडक्शन अशी तीन पायऱ्यांची मांडणी रूढ आहे. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ या प्रणालीच्या वित्तविषयक भागात चाचणीच्या प्रतींना टियर १ ते टियर ५ असे क्रमांक दिले गेले. टियर १ मध्ये सारे घटक एकाच यंत्रावर असतात, तर टियर २ पासून पुढे रचना प्रत्यक्ष कामकाजाच्या, अर्थात प्रॉडक्शनच्या धर्तीची होत जाते, त्यामुळे टियर १ वर दिसलेल्या वेगावरून हंगामातल्या वेगाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

या स्तरांमध्ये प्रोग्रॅम खालून वर चढतो आणि माहिती वरून खाली उतरते. खाली उतरवलेल्या माहितीत ग्राहकांचे खरे मोबाइल क्रमांक व ईमेल असल्याने ते झाकावे लागतात आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे थांबवावी लागतात, नाहीतर चाचणीतले उधारीचे स्मरणपत्र खऱ्या ग्राहकाच्या हाती पडते.

खरी पारख होते ती यूएटी, म्हणजे वापरकर्त्याने स्वतः घ्यायच्या चाचणीच्या स्तरावर, कारण तिथे प्रोग्रॅम लिहिणारा नव्हे तर दुकानाचा हिशेबनीस बसतो. करपूर्व २,८०० रुपयांच्या कुर्त्यावर १२ टक्के सूट दिली की किंमत २,४६४ रुपये होते व कर ५ टक्क्यांनी १२३.२० रुपये येतो. मात्र प्रोग्रॅमने सुटीआधीच दर ठरवला, तर तोच कर १८ टक्क्यांनी ४४३.५२ रुपये निघतो. साडी तर कापडात मोडते, तिला किंमत कितीही असली तरी ५ टक्केच; तिला तयार कपड्याचा दर लावणे ही दुसरी चूक. गोल आकड्यांच्या काल्पनिक मालावर घेतलेल्या चाचणीत या दोन्ही चुका सहज निसटतात आणि बहुतेक चाचण्या, दुर्दैवाने, तशाच मालावर घेतल्या जातात.

ठोक व्यापारात जोखीम याहून मोठी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढालीच्या व्यापाऱ्याला दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावे केलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते, आणि चाचणीसाठी राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने सँडबॉक्स ही वेगळी जागा दिली आहे. चाचणीच्या प्रतीत चुकून खऱ्या पोर्टलचा पत्ता राहिला, तर खोटे बिल खरे म्हणून नोंदले जाते. ते पोर्टलवर रद्द करण्यास २४ तासांचीच मुदत असते आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही.