वाळवंटांतील उमेदवारी

उद्यान म्हटलें म्हणजे हिरवळ, कारंजीं व फुलझाडांचे वाफे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, टूसॉन शहराच्या दोन बाजूंस पसरलेलें सॅग्वारो राष्ट्रीय उद्यान हें निवळ वाळवंट आहे. १९३३ सालीं त्याच्या पूर्व भागास सरकारी संरक्षण मिळालें. १९९४ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें विद्यार्थी उमेदवारी करण्यास जातात, ती कशासाठीं हें आम्ही येथें सांगणार आहों.

सॅग्वारो हा एक निवडुंग होय. आठ वर्षांचें त्याचें रोप अवघें एक-दीड इंच उंच असतें व तें दुसऱ्या झाडाच्या सावलींत वाढतें. त्यास पहिली फांदी फुटावयास पन्नासांहून अधिक वर्षें लागतात. पूर्ण वाढलेला निवडुंग चाळीस फुटांवर जातो व दीडशें वर्षें जगूं शकतो. सुतार पक्षी त्यांत घर कोरतात आणि तेथील मूळचे तोहोनो ओओधम लोक उन्हाळ्यांत त्याचीं फळें काढतात.

ह्या वृक्षराजाचा शत्रु म्हणजे एक गवत. तें परकें नव्हे. आपण ज्यास अंजन म्हणतों, तेंच तें. आफ्रिका व आशिया हीं त्याचीं मूळ स्थानें. आपल्या कोरड्या मुलखांत तें गुरांची उत्तम वैरण आहे. आणि वैरणीसाठीं व जमिनीची धूप थांबावी म्हणूनच १९३० नंतर तें ॲरिझोनांत नेण्यांत आलें. तेथील झुडपांमध्यें मोकळी जमीन असते, म्हणून पूर्वीं आग फारशी पसरत नसे. ही मोकळी जागा अंजनानें भरून काढली. वाळलेलें गवत पेटतें, आगीनंतर पुन्हा फुटतें. जळालेला निवडुंग मात्र बहुधा मरतो.

अशा कामीं विद्यार्थ्यांची मदत घ्यावी, ही कल्पना एलिझाबेथ कुशमन ह्या विद्यार्थिनीनें १९५५ सालीं व्हासार कॉलेजांतील आपल्या प्रबंधांत मांडली. १९५७ सालीं ऑलिंपिक व ग्रँड टेटन ह्या उद्यानांत पहिलीं विद्यार्थिपथकें गेलीं. पुढें ही प्रथा वाळवंटी उद्यानांतहि रूढ झाली. सॅग्वारोमध्यें उमेदवार व स्वयंसेवक पहार घेऊन उतारावरील गवताचे ठोंब मुळासकट उपटतात. मातींत पडलेलें बीज पावसानंतर पुन्हा रुजतें, म्हणून त्याच जागीं वारंवार जावें लागतें. १९९० पासून दर दहा वर्षांनीं निवडुंगांची मोजदादहि होते.

ह्या श्रमाचें फळ सत्वर दिसत नाहीं. आज वांचविलेल्या रोपास फांदी फुटेल, तेव्हां तो विद्यार्थी वृद्ध झालेला असेल. तरीहि तो कुदळ खालीं ठेवीत नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

विद्यार्थिमित्रहो, जी वनस्पति एके ठिकाणीं उपकारक, तीच दुसरीकडे घातक ठरते. अमेरिकेंतून शोभेसाठीं आलेल्या घाणेरीनें आपल्या सह्याद्रींतील किती रानें व्यापिलीं आहेत, तें पाहा. आपल्या गांवच्या टेकडीवर मूळचें काय व मागून आलेलें काय, हें जाणत्या माणसांस विचारून ओळखावयास शिका. आणि पालकांनीं आपल्या मुलांच्या हातीं कुदळ देण्यास संकोचूं नये. पुस्तकांतून न मिळणारें ज्ञान तिच्या टोंकाशीं असतें.