शाळेतली शांत खोली कशासाठी?

शाळेची घंटा, पत्र्यावरचा पाऊस, मधल्या सुट्टीतला गलका. आपल्या कानांना याची सवय होऊन जाते. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना ती होत नाही. 2013 मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष सुधारले. आवाज, स्पर्श, उजेड अतिशय तीव्र जाणवणे किंवा फारच कमी जाणवणे, हे लक्षण तेव्हा त्यांत आले. कान झाकून बाकाखाली शिरणारे मूल बहुतेक वेळा हट्ट करत नसते, त्याला ते सहन होत नसते.

अशा मुलांसाठी आता काही शाळांत ऑक्युपेशनल थेरपीची खोली असते. हा विषय आपल्याला नवा नाही. या शाखेचे शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी 1950 मध्येच सुरू केले.

पालक मला विचारतात, खोलीत काय हवे? जाड गादी, पक्का टांगलेला झोका, मंद उजेड, ढकलायला पुस्तकांनी भरलेली पेटी, मळायला कणकेचा गोळा. झोक्याने तोलाची जाणीव जागी होते, जड वस्तू ढकलताना स्नायूंना आणि सांध्यांना काम मिळते, त्यातून काही मुले शांत होतात. सगळी नव्हे, एखाद्याला झोक्यावर मळमळते. म्हणून आधी थेरपिस्टने मूल पाहावे, मग साहित्य घ्यावे. रंगीत दिव्यांच्या नळ्यांवर लाखभर रुपये घालून किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवण्यात काय अर्थ आहे? वजनदार जाकिटांचा फायदाही अभ्यासांतून ठामपणे दिसलेला नाही. यातल्या कशानेही ऑटिझम ‘बरा’ होत नाही, आणि तसे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले चांगले.

खोली वापरायची कशी, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. मूल किंचाळले की तिथे पाठवायचे, असा शिरस्ता पडला तर दोन गोष्टी होतात. एक तर ती शिक्षेची कोठडी बनते, नाहीतर ‘ओरडलो की वर्गातून सुटका’ हे मूल शिकते. त्यापेक्षा वेळ ठरवून न्यावे, उदाहरणार्थ मधल्या सुट्टीच्या गोंगाटानंतर पाच-दहा मिनिटे. बोलता न येणाऱ्या मुलाच्या हाती खोलीचे चित्र असलेले कार्ड द्यावे. ते दाखवले की बाईंनी जाऊ द्यावे. दाराला कडी घालू नये, सोबत मोठे माणूस असावे.

आणि मूल परत वर्गात यावे. डबा स्वतः उघडता येतो का, शर्टाचे बटण लागते का, स्वच्छतागृहात एकटे जाता येते का, हेही थेरपीचेच काम आहे. महिन्याकाठी प्रगती विचारताना पालकांनी झोक्याबद्दल नव्हे, डब्याबद्दल विचारावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे; शाळेकडे सोयी मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. शाळेत थेरपिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा, आणि शक्य असेल तर जाताना वर्गशिक्षिकेलाही सोबत न्या.