खुली साधने, सार्वजनिक सामग्री व जलाशयांचे मापन

नकाशा हा दीर्घकाळ वाचकाच्या हाती सिद्ध स्वरूपात येणारा दस्तऐवज होता. त्यामागील मोजमापे पडताळून पाहण्याचे साधन सामान्य अभ्यासकापाशी क्वचितच असे. उपग्रहांनी टिपलेली मूळ सामग्री विनामूल्य मिळू लागली व तिचे विश्लेषण करणारी सॉफ्टवेअरही खुली झाली, तेव्हा ही स्थिती पालटली. या पालटाचे महत्त्व व त्याच्या मर्यादा जलाशयांच्या मापनावरून चांगल्या स्पष्ट होतात.

लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह अमेरिकेने १९७२ मध्ये सोडला. या मालिकेच्या प्रतिमा पुढे अनेक वर्षे मूल्य देऊन घ्याव्या लागत. त्यामुळे ज्या अभ्यासास एकाच प्रदेशाच्या शेकडो प्रतिमा लागतात, तो बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राही. २००८ मध्ये हा संग्रह सर्वांस खुला करण्याचे धोरण जाहीर झाले. त्याचे एक फळ २०१६ मध्ये दिसले. पेकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ ते २०१५ या काळातील सुमारे ३० लक्ष प्रतिमा तपासून जगातील पृष्ठजलाचा नकाशा प्रसिद्ध केला. या काळात सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावरील कायमचे पाणी नाहीसे झाले व १,८४,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवे जलाशय निर्माण झाले, असे त्यांना आढळले.

पाणी ओळखण्याची सर्वांत सोपी रीत मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडली. पाणी हिरवा प्रकाश थोडासा परावर्तित करते, परंतु निकट-अवरक्त किरण बहुतांशी शोषून घेते. वनस्पतींचे व मातीचे वर्तन याच्या उलट असते. म्हणून हिरव्या परावर्तनातून अवरक्त परावर्तन वजा करून त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेने भागतात. समजा, पाण्याच्या ठिकाणी ही परावर्तने ०.०८ व ०.०२ आहेत, तर निर्देशांक ०.६ येतो. पिकाच्या ठिकाणी ती ०.०८ व ०.३२ असतील, तर तो उणे ०.६ येतो. शून्याच्या वर पाणी व खाली जमीन, असा हा स्थूल नियम होय. क्यूजीआयएस किंवा ग्रास यांसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हा हिशेब साध्या संगणकावरही करता येतो; शिवाय त्यांची मूळ संहिता उपलब्ध असल्याने तो कसा झाला हे तपासताही येते.

तथापि विनामूल्य सामग्री म्हणजे निर्दोष सामग्री नव्हे. लँडसॅटच्या प्रतिमेतील एक पिक्सेल जमिनीवर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असतो. महाराष्ट्रात याच मापाची शेततळी आढळतात. असे तळे चार पिक्सेलांत समसमान विभागले गेले, तर प्रत्येकात एक चतुर्थांश पाणी व तीन चतुर्थांश पीक येईल. वरील अंकांनुसार प्रत्येक पिक्सेलचा निर्देशांक सुमारे उणे ०.५ होईल आणि भरलेले तळे नकाशातून नाहीसे होईल. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची सामग्रीही विनामूल्य आहे व तिच्या हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्ट्यांचा पिक्सेल १० मीटरचा असतो. तळ्याच्या बाजू पिक्सेलांच्या ओळींस समांतर असल्यास निदान चार पिक्सेल संपूर्णपणे पाण्यात येतात व तळे दिसते. पावसाळ्यातील ढग मात्र दोन्ही प्रतिमांस आड येतात. गढूळ पाणी अवरक्त किरण अधिक परावर्तित करीत असल्याने तेही फसवते. ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडारच्या प्रतिमा पहिल्या अडचणीवर उपयोगी पडतात.

भारतात १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्था यांच्यावरील नकाशानिर्मितीसाठी पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन सामान्यतः दूर केले. त्यामुळे तालुक्यातील महाविद्यालयही आपल्या परिसरातील तळ्यांची गणना करू शकते. मात्र अशा गणनेवरून पाण्याचे नियोजन व्हावयाचे असेल, तर नकाशात न दिसलेले तळे म्हणजे हिशेबात न धरलेला शेतकरी होय. म्हणून संगणकावर काढलेल्या नकाशातील काही ठिकाणे निवडून तेथे प्रत्यक्ष जाणे आवश्यक ठरते. खुल्या साधनांनी नकाशा तपासण्याचा अधिकार सर्वांस दिला आहे. तपासण्याचे श्रम मात्र अभ्यासकानेच करावयाचे आहेत.